भोपळ्याला आला फेस

"मी ओतलेल्या मातेचा फेस शेवटच्या घोटापर्यंत हलत नाही! फेस पाहूनच बाई हो म्हणेल, बघा तुम्ही!"

गोया गावच्या क्लबात डॉन फर्मीननी ही फुशारकी इतक्यांदा मारली होती, की ती आता भिंतींनाही पाठ होती. माते म्हणजे तिकडचा कडवट पाल्याचा चहा; सुक्या, पोकळ भोपळ्यात भरायचा आणि एकाच नळीनं सगळ्यांनी आळीपाळीनं ओढायचा. बाई म्हणजे शिवणकाम करणारी नेलिदा. त्यांच्यासारखीच एकटी पडलेली. रविवारी ती पहिल्यांदा घरी येणार होती आणि फर्मीन त्याच दिवशी लग्नाचं विचारणार होते. फक्त सोबत तिची थोरली बहीण कासिल्दा येणार होती, आणि कासिल्दाच्या जिभेला हाड नव्हतं.

सकाळपासून फर्मीन घर पुसत होते. कोपर लागलं कशाला, आणि फळीवरचा पंधरा वर्षं मुरलेला भोपळा थेट साबणाच्या बादलीत! गोयात मातेचा भोपळा साबणाने धुणं म्हणजे महापाप. फर्मीननी तो सात पाण्यांनी विसळला, उन्हात ठेवला, हुंगला.

"हॅ! बुडी तर मारली नुसती. काही होत नाही!"

दुपारी पाहुण्या आल्या. नेलिदानं गरम चिपा, म्हणजे चीजचे छोटे पाव, आणले होते. फर्मीननी भोपळ्यात पाला भरला, चांदीची नळी खोचली आणि पाणी सोडलं. फेस असा उसळला की नळी दिसेना!

"अगं बाई!" कासिल्दा म्हणाली. "क्लबातल्या गप्पा खऱ्या निघाल्या की!"

नेलिदा नुसती कौतुकानं बघत राहिली. पहिला भोपळा ओतणाऱ्यानं प्यायचा असतो. फर्मीननी घोट घेतला आणि त्यांच्या तोंडाला अक्षरशः फेस आला. धुण्याच्या दगडाला जीभ लावल्यासारखी चव! पण आता सांगणार कोणत्या तोंडानं?

'पुढच्या पाण्यात निघून जाईल,' असं मनाशी म्हणत त्यांनी भोपळा भरून कासिल्दाच्या हाती दिला. ती एक घोट प्यायली. तिचे डोळे मोठे झाले.

"आभारी आहे," ती म्हणाली.

मातेच्या बैठकीत "आभारी आहे" म्हणजे "पुरे, मला आता नको." तेही पहिल्याच फेरीला! फर्मीनचा भ्रमाचा भोपळा तिथेच फुटला. हातातला मात्र शाबूत होता, आणि फेसाळत होता.

भोपळा पुन्हा भरून नेलिदाकडे गेला. ती शांतपणे तळ लागेपर्यंत प्यायली आणि काही न बोलता भोपळा परत केला. काही न बोलणं म्हणजे "आणखी द्या."

फर्मीननी दिला. ती प्यायली. परत केला. पुन्हा दिला. चौथा, पाचवा, सहावा... नेलिदाचा चेहरा पांढरा पडत चालला, पण तोंडातून आभाराचं अक्षर नाही! कासिल्दा तिला कोपरानं ढोसत होती. सातव्याला फर्मीनना राहवलं नाही.

"थांबा, नेलिदा! साबण आहे हो त्यात! बादलीत पडला होता मेला!"

"माहीत आहे," नेलिदा म्हणाली. "पहिल्याच घोटाला कळलं."

"मग सहा-सहा वेळा प्यायलात कशाला?"

नेलिदा झग्याची कड चाचपत बसली. "आभार मानले असते, तर उठून घरी जावं लागलं असतं. आणि तुम्हाला काहीतरी विचारायचं होतं ना?"

फर्मीनना भरून आलं. कसंबसं त्यांनी विचारलं. नेलिदानं हो म्हणायला तोंड उघडलं, आणि आतून आली उचकी. उचकीबरोबर एक बुडबुडा!

"आला गं बाई होकार!" कासिल्दा म्हणाली. "तोही धुऊन स्वच्छ!"

आता त्या घरात माते नेलिदा ओतते. फर्मीनना भोपळ्याला हात लावायची बंदी आहे. क्लबात अजून कुणीतरी विचारतंच, "काय हो डॉन फर्मीन, फेस पाहूनच हो म्हणाली ना?"

"फेसामुळेच!" फर्मीन म्हणतात, आणि पुढचं कुणी विचारायच्या आत घाईघाईनं पत्ते पिसायला घेतात.