अनुभवी लोकांची पुस्तकं

"पुस्तक निवडायला ते वाचावं लागतं, असं कुणी सांगितलं तुम्हाला?" तहरीमने कमरेवर हात ठेवून विचारलं. "बाइंडरच्या पोरीला पुस्तक नुसतं बोटानं कळतं, मॅडम!"

मॅडम म्हणजे हेमलताताई. पिंप्राळ्यात नासीरभाईंच्या बाइंडिंगच्या दुकानावरच्या मजल्यावर त्यांचं सॉफ्टवेअरचं ऑफिस. केळी पिकवायच्या चेंबरमध्ये किती गारवा ठेवायचा, गॅस कधी सोडायचा, हे सगळं त्यांचे प्रोग्राम ठरवतात. तेही सी प्लस प्लसमध्ये! ही भाषा म्हणजे वीस वर्षं संसार करूनही न कळणारी सासूच.

धुळ्याच्या एका निवृत्त सरांनी त्यांची सगळी संगणकाची पुस्तकं पोत्यात भरून ऑफिसला पाठवली होती. हेमलताताई म्हणाल्या, "नासीरभाई, माझी माणसं अनुभवी आहेत. अडलं की उघडून नियम बघता येईल, अशीच पुस्तकं ठेवायची. ती बांधून द्या, बाकी रद्दी. निवडायला उद्या आमचा प्रोग्रामर बादल येईल."

"बादलदादा कशाला? मी आहे ना!" तहरीम मध्येच घुसली. शाळेत तिने नुकताच दोनाचा पाढा सी प्लस प्लसमध्ये छापला होता, तेव्हापासून तिचे पाय जमिनीला लागत नव्हते.

ताई हसल्या. "बरं, निवड. चांगली निवडलीस तर सुट्टीभर बादलशेजारची खुर्ची तुझी. काम शिक."

बादलशेजारची खुर्ची! तहरीमला त्या रात्री स्वप्नातसुद्धा ती खुर्ची गोल फिरताना दिसली.

बाइंडरच्या घरात पुस्तकाची पारख सोपी असते. कडा बघायच्या. बोटं लागून लागून काळ्या झालेल्या कडा म्हणजे पुस्तक खपून वाचलेलं. कोऱ्या कडा म्हणजे शोभेचं. तहरीमने पोतं उपसलं, कळकट पुस्तकं एकीकडे, स्वच्छ दुसरीकडे. एक करडं, उशीएवढं जाड पुस्तक तर अगदीच गोरंगोमटं निघालं! चित्र नाही, गंमत नाही, आणि मागे नुसती सूचीच सूची.

"अब्बू, ह्या लेखकाकडे लिहायला काही नव्हतं. शब्दच लावत बसलाय. रद्दी!"

"पक्कं ना, बेटा?" नासीरभाईंनी विचारलं. "एकदा खळ लागली की माघार नाही."

"एकदम पक्कं! आणि अम्मी, खळ चांगली घट्ट कर हं! अनुभवी लोकांची पुस्तकं आहेत, जन्मभर टिकली पाहिजेत!"

सुगराबींनी पातेल्यातल्या पिठात कीड लागू नये म्हणून मोरचूद टाकून असं काही ढवळलं, की त्या खळीत भिंतसुद्धा उभी राहिली असती. नासीरभाई पुठ्ठ्याच्या आत अस्तराला रद्दीच वापरत. करड्या पुस्तकाचा गुळगुळीत कागद बघून ते खूश झाले. टराटर पानं सुटली, अस्तरं बसली, वर लाल रेक्झिन आणि सोनेरी अक्षरं. नवरीच जणू!

तहरीम तो गठ्ठा छातीशी धरून जिना चढली. वर मात्र सुतकी शांतता. फक्त फोन ओरडत होता. धुळ्याच्या नवलआबांचं चेंबर बिघडलं होतं, गारवा थांबत नव्हता.

"आवो ताई, बठ्ठी केळी काळी पडी ऱ्हायनी! काय शे हाई?"

"आबा, बादल बघतोय!" हेमलताताई म्हणाल्या आणि फोन ठेवून कपाळावर हात मारून घेतला. "अरे बादल, काय अडलंय?"

"एक बारीक नियम अडलाय. नेटवर चार जण चार उत्तरं देतात." बादलच्या नाकावर घाम होता. तेवढ्यात त्याला लाल गठ्ठा दिसला. "आली पुस्तकं! वाचलो!"

त्याने पहिलं उघडलं आणि मोठ्याने वाचलं, "चला मुलांनो, संगणक सुरू करूया."

कुणी हसलं नाही. त्याने दुसरं उघडलं. "कल्पना करा, तुमच्याकडे एक रिकामा डबा आहे."

"डबा?" हेमलताताई म्हणाल्या.

"तहरीम," बादल हळूच म्हणाला, "सरांच्या यादीत एक जाड करडं पुस्तक होतं ना?"

"ते... त्याच्या कडा स्वच्छ होत्या, दादा."

"अगं, ते गोष्टीसारखं वाचत नाहीत! अडलं की एक पान बघायचं आणि मिटून ठेवायचं! कळकट होतात ती शिकाऊ पोरांची! कुठंय ते?"

तहरीमने एक लाल पुस्तक उघडलं. तिने बोटाने पुठ्ठ्याच्या आत दाखवलं.

मग जे सुरू झालं! अनुभवी, चष्मेवाली माणसं पुस्तकं उघडून फक्त पुठ्ठे वाचू लागली. "इथे सूची आहे!" "इथे उलटं चिकटलंय!" फोन पुन्हा वाजला. "ताई, एक फणी तर कोळसा व्हयनी!"

"सापडलं!" बादल ओरडला. त्याचं बोट ओळीवरून धावलं आणि शेवटी थांबलं. "अपवाद मागील बाजूस."

मागची बाजू पुठ्ठ्याला चिकटलेली!

तहरीम धावत सुटली आणि चहाची उकळती किटली घेऊन आली. पुस्तक वाफेवर धरलं, ओला स्पंज फिरवला, नखाने कोपरा उचलला. सगळं ऑफिस भोवती गोळा झालं. कागद जरा फाटला, तेव्हा बादलने डोळेच मिटले. पण सुटलं! पान सुटलं! बादलने अपवाद वाचला, दोन ओळी बदलल्या आणि थोड्या वेळाने आबांचा फोन आला. "चालू व्हयनं! निम्मी केळी वाचनी!"

हेमलताताईंनी लाल ढिगाकडे पाहिलं, मग तहरीमकडे. तहरीमने जमिनीकडे.

"सुट्टीत ये," त्या म्हणाल्या. "बादलशेजारची खुर्ची तुझीच."

आणि खरंच मिळाली! गोल फिरणारी! फक्त तिच्यासमोर संगणक नव्हता. पाण्याचा वाडगा, स्पंज आणि लाल पुस्तकांचा ढीग होता.

"अम्मी," पहिल्याच दिवशी सोललेली बोटं चोळत ती म्हणाली, "खळ एवढी घट्ट कशाला केलीस गं?"

सुगराबींनी पातेलं घासता घासता वर पाहिलं. "अनुभवी लोकांची पुस्तकं ना, बेटा? जन्मभर टिकायला हवी होती!"