बच्चीसाठी हाफ प्लेट

आमचे गोविंदमामा फक्त एकाच ठिकाणी खोटं बोलतात, आणि ते म्हणजे हॉटेलात. एरवी माणूस इतका सरळ की जवळ बसवत नाही. रेल्वेत सिग्नलच्या कामावर चौतीस वर्षं काढली, पण निवृत्त झाल्यावरही कोणाला स्टेशनवर सोडायला गेले की आधी प्लॅटफॉर्म तिकीट काढतात. पेरूवाल्याने एक पेरू चुकून जास्त घातला म्हणून विकास नगरच्या बाजारात उलट पावली जाऊन परत देतात. पण एकदा हॉटेलची पायरी चढले, की त्यांच्या जिभेला काही धरबंध राहत नाही.

मामा म्हणजे माझ्या नवऱ्याचे, सुहासचे मामा. मूळचे कऱ्हाडचे. नोकरीसाठी लखनौला गेले ते तिथलेच झाले. लग्न केलं नाही. का केलं नाही असं विचारलं की "लाइन क्लिअर मिळाली नाही" म्हणतात. पुढचं स्टेशन मोकळं आहे, गाडी सोडा, असा निरोप रेल्वेत येतो ना, ती लाइन क्लिअर. त्यांच्या बोलण्यात तो शब्द जिऱ्यासारखा असतो, कुठेही सापडतो.

गेल्या डिसेंबरात आम्ही पुण्याहून चार दिवस लखनौला गेलो. मी, सुहास आणि आमची इरा, वय वर्षं पाच. इराबद्दल आधीच सांगते, म्हणजे माझी कीव करायला तुम्हाला सोपं जाईल. ती वरणभात खाते. वरण पिवळं हवं, त्यात हिरवं काही नको. पोळीवर काळा डाग दिसला की पोळी बाद. पुरी फुगलेली असेल तर खाते, पण ती फुगलेली असतानाच, फुस्स झाली की संपलं. दह्यावर साय दिसली तर टेबलावरून उठते. आणि कोथिंबीर. कोथिंबिरीचं एक पान कुठे लपलंय हे या मुलीला वाटी टेबलावर यायच्या आधी कळतं.

मी मात्र महिनाभर यादी करत होते. हे खाईन, ते खाईन, चौकातल्या गल्लीत उभं राहून खाईन. प्रत्यक्षात काय झालं, तर लखनौला जाऊन मी कोथिंबीर निवडली. पहिल्या दिवशी दोन्ही वेळा. वेटरला सांगावं, "भैया, दाल में धनिया मत डालना," तर तो छातीवर हात ठेवून म्हणायचा, "जी, बिल्कुल नहीं डलेगा." आणि दहा मिनिटांनी डाळ यायची ती वर हिरवंगार मखर करून. लहान मूल आहे म्हणून मुद्दाम जास्त सजवलेली. नाही म्हणणं त्या शहराच्या स्वभावात नाही, आणि कोथिंबिरीवाचून डाळ पाठवणं तर पाहुण्याचा अपमानच. रात्री इरा बिस्किटांवर झोपली. मी सुहासला म्हटलं, उद्याची तिकिटं मिळतात का बघ.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा आमच्याबरोबर जेवायला आले. हजरतगंजच्या मागे एक बऱ्यापैकी हॉटेल होतं. मी चमचा घेऊन निवडायच्या पवित्र्यात बसलेच होते. मामांनी वेटरला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाले, "ये मॅडम चखने आई हैं."

वेटरने माझ्याकडे पाहिलं.

"ये नहीं. ये," मामांनी इराकडे बोट केलं. "मुंबई की एक कंपनी है. बच्चों का मेनू निकल रहा है. जो ये पास करेंगी, वही छपेगा. दाल सादी लाइएगा. धनिया आया तो समझिए फेल."

डाळ आली ती नुसती पिवळी. पिवळ्यावर पिवळी. मामांनी इराच्या कानात सांगितलं, "मॅडम, तुम्ही ड्यूटीवर आहात. चाखल्याशिवाय मार्क देता येत नाहीत. आणि ड्यूटी मध्येच सोडायची नाही, मागे गाड्या अडकतात. लाइन क्लिअर?"

इराने गंभीरपणे मान हलवली आणि तोंड उघडलं. डाळीला सात मार्क. भाताला आठ. पनीरला एक घास खाऊन नापास. पण घास खाल्ला होता, हे लक्षात घ्या. तो पनीरचा तिच्या आयुष्यातला पहिला घास होता, आणि मी तो डोळ्यांनी पाहिला.

संध्याकाळी चौकातल्या हॉटेलात मामांनी तिला गायिका केलं. "कल इनका गाना है. गला नाज़ुक है, मिर्च बिल्कुल नहीं." झालं. हॉटेलवाल्याने स्वतः कोमट पाणी आणून ठेवलं, पंखा बंद केला आणि पुऱ्या एकेक करून, फुगलेल्या, कढईतून थेट पानात येऊ लागल्या. शेवटी त्याने अदबीने एखादी ओळ ऐकवायची विनंती केली. इराने बालवाडीतलं गाणं म्हटलं, तेही अर्धंच, कारण पुढचं येत नव्हतं. शेजारच्या टेबलावरचे दोन म्हातारे "वाह, वाह" म्हणाले. त्या गडबडीत इराने तीन पुऱ्या खाल्ल्या.

आता मी आई आहे. मला हे आवडलं आणि मला हे आवडलंही नाही. परत येताना रिक्षात मी म्हटलं, "मामा, पोरीला खोटं बोलायला शिकवताय तुम्ही."

"खोटं कुठे, सूनबाई. ड्यूटी आहे ती."

"खोटंच आहे. वेटरसुद्धा ओळखत असणार."

"मग ओळखू दे ना. अच्छा, मला सांग, तू तिला जेवली नाहीस तर पोलीस येईल म्हणतेस. इतक्या वर्षांत आला का तो एकदा तरी?"

सुहास रिक्षाबाहेर बघून हसत होता. मी दोघांशीही मुक्कामावर पोहोचेपर्यंत बोलले नाही.

पण मला एक कोडं पडलं होतं. हा एकटा माणूस. घरात मूल नाही, बाळ नाही. आणि याला सगळं कसं ठाऊक? डाळीला फोडणी देतानाच वेगळी काढायला सांगायची, नंतर सांगून उपयोग नाही. "मत डालिए" म्हणायचं नाही, कारण सांगायचं. फुल प्लेट मागवली तर आचारी मोठ्यांच्या हाताने तिखट घालतो, म्हणून हाफ. मी पाच वर्षं एका मुलीला भरवतेय आणि यातलं मला एकही माहीत नव्हतं.

शेवटच्या दिवशी दुपारी सामान घेऊन आम्ही मामांच्या घरी आलो. संध्याकाळी सातची गाडी होती. त्यांच्या स्वयंपाकघरात मी पाणी प्यायला गेले. ओट्यावर पार्सलचे प्लॅस्टिकचे डबे धुऊन, पुसून, एकात एक घालून ठेवलेले. पन्नास तरी असतील. सगळे एकाच मापाचे, सगळे छोटे.

"इराला भूक लागलीय," मी बाहेर येऊन म्हटलं. "इथे कोपऱ्यावर ते भोजनालय दिसलं, तिथेच जाऊन येऊ."

"तिथे नको," मामा म्हणाले.

"का?"

"त्याचा आचारी गावाला गेलाय."

"खिडकीतून धूर येतोय की."

"म्हणजे आलाय, पण हात बिघडलाय त्याचा. शिवाय बसायला जागा नाही. शिवाय…" मामांना तिसरं कारण सापडेना. मला गंमत वाटली. हॉटेलात शिरायच्या आधीच खोटं बोलायला लागले, आणि तेही इतकं वाईट. तोवर सुहास चपला घालून रस्त्यापलीकडे गेलासुद्धा होता, इरा त्याच्या खांद्यावर.

मामा सगळ्यात शेवटी आत आले आणि गल्ल्याकडे पाठ करून बसले. गल्ल्यावर मिश्राजी होते, साठीचे, कपाळावर गंध. त्यांनी पाठीवरूनही ओळखलं. "अरे साहब, आज यहीं बैठेंगे? पॅक नहीं?" म्हणत ते उठले, आणि त्यांची नजर इरावर गेली. ते तिथेच थांबले.

"यही हैं बच्ची?"

मामांनी पाण्याचा ग्लास जवळ ओढला.

"अरे रामदीन, बाहर आओ. साहब बच्ची को लाए हैं." आतून आचारी हात पुसत आला. मिश्राजी मला सांगू लागले, "छह साल से रोज़ शाम को इनकी दाल भेज रहे हैं हम. बिना मिर्च, बिना धनिया, हाफ प्लेट. साहब से रोज़ पूछते हैं, बच्ची ने खाया? कभी कहते हैं, सब खा गई. कभी कहते हैं, दो कौर छोड़ दिए. आज दर्शन हुए."

रामदीन म्हणाला, "हम पत्ता-पत्ता चुन के निकालते हैं, बिटिया."

मी मामांकडे पाहिलं. तीन दिवस हा माणूस हॉटेलात गेला की तोंडाला फेस येईपर्यंत थापा मारत होता. आता पाण्याच्या ग्लासाभोवती दोन्ही हात धरून ते खाली बघत होते, आणि त्यांचे कान लाल झाले होते. सगळं माझ्या लक्षात आलं, ते डबेसुद्धा. आणि त्याच वेळी माझा नवरा, ज्याच्या कधी काहीच लक्षात येत नाही, तोंड उघडून म्हणाला, "नहीं नहीं, ये तो हमारी…"

"हाँ," इरा म्हणाली. "मैं ही हूँ."

सुहासचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला, चांगला जोरात.

"धनिया नहीं है ना?" इराने मिश्राजींना दरडावून विचारलं.

"राम राम, कैसी बात करती हैं," मिश्राजी म्हणाले. मग त्यांनी इराकडे नीट पाहिलं. पाच वर्षांची मुलगी, आणि डाळ सहा वर्षांची. त्यांना हिशेब येत नव्हता असं नाही, गल्ल्यावर बसणारा माणूस. त्यांनी एकदा मामांच्या पाठीकडे पाहिलं आणि रामदीनला म्हणाले, "कम खाती हैं न, इसलिए बढ़ नहीं पाईं. जाओ, ताज़ी बनाओ."

डाळ आली. भात आला. मिश्राजी आणि रामदीन हात बांधून टेबलापाशी उभे राहिले. सहा वर्षं ज्या पोरीसाठी पानं निवडली, ती खाताना त्यांना बघायची होती. आणि नेमकं त्या दिवशी, गडबडीत असेल किंवा आनंदात असेल, वाटीच्या कडेला कोथिंबिरीचं एक पान चिकटलेलं होतं.

मला दिसलं. इराला तर दिसणारच. रामदीनला दिसलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. घरी असतं तर वाटी ढकलली गेली असती आणि रात्रीपर्यंत संप. इराने पानाकडे पाहिलं. मग मामांकडे पाहिलं. मामा अजून ग्लासातच बघत होते.

तिने ते पान चमच्यात घेतलं, डोळे घट्ट मिटले आणि खाल्लं. मग उरलेली डाळ, शेवटपर्यंत. ड्यूटी मध्येच सोडायची नसते.

स्टेशनवर जाताना मामांनी आपणहून सांगितलं, माझ्याकडे न बघता. पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी तिखट बंद केलं होतं. पहिल्या संध्याकाळी मिश्राजींकडे सादी डाळ मागितली, तर त्यांनी फार मायेने विचारलं, घर में कोई नहीं है क्या? "मला ते सहन झालं नाही, सूनबाई. म्हटलं, बच्ची आहे घरी. एकट्यासाठी मागितलं की लोक कीव करतात. पोरीसाठी मागितलं की मीठसुद्धा विचारून घालतात. मग रोज विचारायला लागले, बच्ची ने खाया? कोणीतरी रोज विचारतंय म्हटल्यावर… सोडवेना."

मला त्यांची कीव आली नाही. रडू आलं, पण ते मी सामानाच्या निमित्ताने आवरलं.

"तिचं नाव काय?" इराने विचारलं.

"कोणाचं?"

"त्या बच्चीचं."

"नाव नाही ठेवलं. बच्चीच."

इराला हे अजिबात पटलं नाही. नाव नाही म्हणजे काय. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "मग माझंच सांगा. मिश्राजींना सांगा, इरा आहे. म्हणजे खोटं नाही होणार."

मामांनी चार प्लॅटफॉर्म तिकिटं काढली. आम्हा तिघांकडे गाडीची तिकिटं आहेत हे त्यांच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

इराने नाव दिल्यामुळे मामांची हॉटेलात थापा मारायची चैनही आता संपली आहे. मिश्राजी रोज विचारतात, इरा बिटिया ने खाया? आणि नाव खरं असल्यामुळे मामांना उत्तरही खरं द्यावं लागतं. रोज आठला पुण्याला फोन येतो, "सूनबाई, जेवली का? काय काय खाल्लं? किती टाकलं?" सगळं उद्या गल्ल्यावर सांगायचं असतं. लखनौत आपलं नाव जाणार म्हणून इराही पान स्वच्छ करते. कोथिंबीर अजून खात नाही, ते सोडा.

परवा फोन स्पीकरवर होता. इराने आपला अहवाल दिला आणि मग विचारलं, "आणि तुम्ही? तुम्ही संपवलं का?"

पलीकडे डबा सरकवल्याचा आवाज आला. मग मामा म्हणाले, "दोन घास राहिलेत."

"मग फोन ठेवायचा नाही," इरा म्हणाली. "आधी खा. लाइन क्लिअर?"

"लाइन क्लिअर," मामा म्हणाले. त्यांचा चमचा डब्याच्या तळाशी वाजेपर्यंत आम्ही तिघं पुण्यात फोनभोवती गप्प बसून राहिलो.