डावा पंखा आणि देवीची उलटी स्वारी

दोन्ही तीरांच्या देवता, भरती आणि ओहोटी, सर्वांस साष्टांग दंडवत. शके एकोणीसशें चव्वेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सरे, माघ मासीं होडीच्या पंख्यापायीं राज्यावर जें अरिष्ट गुदरलें तें साद्यंत लिहावें, ऐसी आज्ञा जाहली. सेवक त्या होडींत कंबरेपर्यंत भिजत उभा होता, सबब लिहिण्याचा अधिकारी आहे.

खाडीच्या अलीकडे श्रीमंत हिराजी तांडेल राज्य करीत होते. दौलत म्हणजे एक होडी, तीस मागून ढकलणारी एक मोटार आणि एक मान. मान ऐसा कीं ग्रामदेवी दरसाल माघांत आठ दिवस पैलतीरीं माहेरास जाते, आणि पौर्णिमेस भर दुपारच्या भरतीवर तिची पालखी सासरीं आणावी ती हिराजींच्याच घराण्यानें. मात्र ओहोटी लागून चिखल दिसण्याआधीं पालखी धक्क्यास न लागली तर मान वरल्या पाड्याच्या भिकाजीरावांकडे जावा, ऐसा दस्तूर. भिकाजीराव पांच पिढ्या ओहोटीकडे डोळे लावून बसले होते. त्या सालीं देवीस माहेरीं पोंचवून परततां हिराजींनीं होडी खडकावर घातली, आणि मोटारीच्या पंख्याचें एक पातें वांकलें, दुसऱ्याचा कोपरा उडाला, आणि मोटारीस हिंव भरल्यागत कांपरें सुटलें. मग सरकारांनीं दाऊद मिस्त्रीस पाचारण केलें. मिस्त्रींनीं पंखा उलटापालटा करून अर्ज केला, "पातं सरळ करीन, कोपरा भरून दीन. पन तिन्ही पाती सारख्या वजनाची झाली पायजेत, नायतर मोटारीचा दांडा खाऊन टाकील. आठ दिस लागतील." सरकारांची मर्जी खप्पा जाहली, कारण पौर्णिमा सातव्या दिवशीं होती.

मग मसलत बसली. मच्छीमार सोसायटीचे सचिव गंगाधरपंत, जे वर्तमानपत्र वाचीत असल्यामुळें सर्व विषयांत जाणते, म्हणाले कीं नवा पंखा घ्यावा, आणि पंख्यावर आंकडे कोरलेले असतात त्यांतला सर्वांत मोठा घ्यावा, म्हणजे होडी वाऱ्यासारखी जाईल. त्यावर दाऊद मिस्त्री हंसूं आवरून बोलले, "पंत, तो आकडा म्हंजे एका फेऱ्यात होडी किती पुढं सरकल त्याचा. मोठा घेतलात तर आपली मोटार धापा टाकील. पालखी, वीस मानसं, वर नारळांची पोती. बारीक आकडाच बरा." हें सरकारांस पटलें, आणि पंतांस पटलें नाहीं, आणि तंटा तुटेना म्हणून नवा पंखा मुळांत घ्यावा कीं नाहीं याचाच देवळांत कौल लावावा ऐसें ठरलें. देवी माहेरीं, सबब देवळांत तिचे यजमान देव एकटेच होते. गुरवानें त्यांच्या दोहों खांद्यांस ओल्या पाकळ्या चिकटविल्या आणि गाऱ्हाणें घातलें कीं महाराजा, नवा पंखा घ्यावा काय? उजवी पाकळी पडली तर उजवा कौल म्हणजे होय, डावी पडली तर डावा म्हणजे नाहीं, हें राज्यांतील तान्हें मूलही जाणतें. त्या समयीं गंगाधरपंत देवळाच्या पायरीवर उभे राहून बंदरावरल्या भंगारवाल्याशीं फोनवर बोलत होते, आणि भंगारवाला नेमका पुसत होता कीं दोन पंखे आहेत, उजवा पाठवूं कीं डावा? तोंच आंत पाकळी पडली आणि गुरव गरजला, "डावा!" पंतांनीं तात्काळ फर्मावलें, "डावा पाठवा." देवानें नको म्हणून सांगितलेली वस्तु दुसरे दिवशीं राज्यांत दाखल जाहली. पंत शपथेवर सांगत कीं प्रत्यक्ष देवानेंच निवडली. सरकारांसही पौर्णिमा दिसत होती, तेव्हां त्यांनीं देवापेक्षां पंतांवर विश्वास ठेविला.

पौर्णिमेस दुपारीं भरती भरली. पंतांनीं मुहूर्तापर्यंत फडक्यांत बांधून ठेविलेला नवा पंखा बसविला, ताशे वाजले, सरकारांनीं मोटारीस दोरी मारून पुढचा गिअर टाकिला, आणि होडी ताडकन मागें गेली आणि धक्क्यावर आदळली. पुन्हा टाकिला, पुन्हा मागें. दाऊद मिस्त्री धांवत आले, पात्यांचा पीळ पाहिला आणि डोकीस हात लावून म्हणाले, "हा डाव्या फेऱ्याचा पंखा. दोन मोटारींच्या बोटीचा जोडीदार. आपल्या मोटारीवर उलटंच जानार." मागचा गिअर टाकिला तर होडी सुलट जाईल, परंतु तो गिअर मागल्या शिमग्यास तुटला होता. जुना पंखा अद्याप कानशीखालीं. भिकाजीराव आपल्या होडींत बसून पान लावीत होते. तेव्हां हिराजींस बापआज्यांचीं तोंडें आठवलीं, आणि ते म्हणाले, "पाठमोरी तर पाठमोरी. सोडा."

मग मोटार आघाडीस आणि नाळ, म्हणजे होडीचें तोंड, पिछाडीस ऐसी स्वारी निघाली. लाटा मागल्या फळीवरून थेट आंत येऊं लागल्या. सेवक आणि पंत डब्यांनीं पाणी उपसत होते, आणि पंत प्रत्येक डब्यास देवाचें नांव घेत होते. पैलतीरीं लोक पोट धरधरून हंसले. परंतु पालखी चढविली ती रिवाजाप्रमाणें, देवीचें मुख नाळेकडे. पाठराखीण म्हणून माहेरची वडीलधारी आवडाबाई चढली, आणि ओटी घेऊन सरकारांच्या राणीसाहेब सुभद्राबाई, ज्या त्याच पैलतीरच्या लेकी आणि देवीसंगें माहेरीं आलेल्या, त्याही चढल्या. होडी सुटली आणि किनाऱ्यावरील हंसणें हळूहळू थांबलें. दरसाल देवी माहेराकडे पाठ करून जाई. यंदा ती माहेराकडे पाहात पाहात चालली होती. बायका गुडघाभर पाण्यांत शिरल्या आणि पदर हालवीत राहिल्या. आवडाबाईनें डोळे पुसले. सेवकासही गहिंवर आला, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

उलटी होडी ती धीमीच. धक्का बांबूभर राहिला आणि ओहोटीनें होडी चिखलांत बसली. भिकाजीराव उभे राहून म्हणाले, "चिखल दिसला. मान आमचा." हिराजींनीं मान खालीं घातली. तेव्हां आवडाबाई पालखीचा दांडा धरून उठली आणि म्हणाली, "मान कुनाला द्यायचा ते माहेर सांगल. आमची लेक इतकी वर्सं पाठ फिरवून नेलीत, आमी गप ऱ्हायलो. आता जो तिला माहेर दिसंल असा आनील, त्याच्याच होडीत ती बसंल. जमतंय का, भिकाजी?" भिकाजीरावांनीं आपल्या बिनगिअरच्या, पुढेंच जाणाऱ्या मोटारीकडे पाहिलें, पानाची पिंक टाकिली आणि होडी वळविली. मग हिराजी स्वतः चिखलांत उतरले आणि पालखी खांद्यावर घेऊन धक्क्यास लाविली.

एवंच, मान राहिला. दाऊद मिस्त्रींनीं जुना पंखा ऐसा साधला कीं मोटार कुरकुरेना, आणि तो वर्षभर मासळीस चालतो. डावा पंखा फडक्यांत बांधून पौर्णिमेपुरता ठेविला आहे. पंत तो आपणच निवडला ऐसें सांगतात आणि कोणी त्यांस अडवीत नाहीं. त्या दिवशीं घरीं आल्यावर हिराजी पाय धूत असतां सुभद्राबाई तांब्या देत म्हणाल्या, "दिवाळीला माहेरी गेले की मलाही तसंच परत आणायचं." सरकारांनीं होय म्हटलें.