फडक्याचा पासवर्ड

जिनेंद्र सरांना कॉम्प्युटरमधलं सगळं येतं, असा हेडमास्तर हंबीररावांचा ठाम समज होता, आणि सरांनी तो दहा वर्षांत कधी मोडू दिला नव्हता. त्यामुळे ऑनलाइन शिष्यवृत्ती परीक्षेच्या तोंडावर लॅबमधला जुना स्विच जळाला आणि तीस कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारा नवा स्विच सांगलीहून आला, तेव्हा हंबीररावांनी दुकानाचा माणूस परस्पर नको म्हणून कळवून टाकलं. सर असताना माणूस कशाला?

परीक्षा अकराला होती. सर साडेआठलाच लॅबमध्ये आले. आधी सेटअप, मग वायरी, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. माप ओलांडल्याशिवाय सुनेला घरात घेत नाहीत, तसं. स्विच आपल्या कॉम्प्युटरला जोडून ते दुकानातल्या कीर्तीला फोनवर विचारत पुढे सरकले. स्विचनं नाव विचारलं. सरांनी आदरानं 'हंबीरराव' दिलं. मग त्यानं पासवर्ड मागितला, आणि नेमकी फोनची रेंज गेली.

सरांनी पासवर्ड टाकला. पडद्यावर एक अक्षर उमटेना. खोडून पुन्हा टाकला, पुन्हा खोडला. कीबोर्ड गेला, असं त्यांनी जाहीर केलं.

लॅब झाडणाऱ्या रंगुबाई म्हणाल्या, आत धूळ बसली असंल. त्यांनी ओलं फडकं मधल्या ओळीवरून डावीकडून उजवीकडे थेट एंटरपर्यंत ओढलं. मग नीट निघाली नसंल म्हणून पुन्हा एकदा, तसंच. दोन्ही वेळेला टाकलेला पासवर्ड एकच आहे, असं स्विचनं कळवलं. पुढच्या प्रश्नांना सरांनी घाबरून नुसतं एंटर दाबलं. सगळं सेव्ह झालं आणि स्विचनं आत यायला पासवर्ड मागितला.

तेवढ्यात कीर्तीचा फोन लागला. पासवर्ड टाकताना कधीच दिसत नसतो, असं तिनं सांगितलं, आणि काय टाकलात म्हणून विचारलं. सरांनी रंगुबाईंकडे पाहिलं. रंगुबाईंनी अकरा वेळा फडकं फिरवून पाहिलं.

"सर, तवा हात सहज फिरला हुता," त्या म्हणाल्या. "आता मुद्दाम फिरवाय गेलं की जमंना बगा."

रेंज पुन्हा गेली. साडेदहा वाजले होते. सर पाण्याच्या टाकीपाशी जाऊन फोन लावत राहिले; तो लागेना, तेव्हा हंबीररावांना सांगायचं वाक्य जुळवत राहिले. सव्वाअकराला ते पडल्या चेहऱ्यानं लॅबच्या दारात आले. तीसही मुलं खाली मान घालून पेपर सोडवत होती.

"आवं, वायरीत पाय अडकून पोरं पडली असती," रंगुबाई हळूच म्हणाल्या. "जुन्या डब्याला हुत्या तशा नव्याला खोचल्या."

सरांनी बाहेर येऊन कीर्तीला फोनवर गाठलं.

"स्विच सेटअपशिवायही चालतो, सर," ती म्हणाली. "सेटअप एवढ्यासाठी, की परक्यानं त्यात हात घालू नये."

"मग आता कुणी घालणार न्हाई?" सरांनी विचारलं.

"कुणीच नाही. तुम्हीसुद्धा."

दुपारी सगळ्या शिक्षकांसमोर हंबीररावांनी सरांना शाल घातली. शाल-नारळाचं ताट रंगुबाईंनी धरलं होतं. सत्कार झाल्यावर हंबीररावांनी एक लिफाफा पुढे केला. उद्या सरांची बदली झाली तर शाळेची अडचण नको, पासवर्ड लिहून द्यावा.

सर कोपऱ्यात जाऊन बराच वेळ कागदासमोर बसले. मग त्यांनी कोरा कागद चार घड्या घालून लिफाफ्यात सारला आणि तो नीट चिकटवला. हंबीररावांनी त्यावर 'गोपनीय' असा शिक्का मारला, लिफाफा कपाटात ठेवला आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.