सोडियमची हरकत

आमच्या हायस्कूलच्या डिजिटल फळ्यावरच्या सोडियमने इलेक्ट्रॉन द्यायला नकार दिला, तेव्हा नववीचा तास चालू होता आणि मागच्या बाकावर तपासणीचे खोबरेकर साहेब बसले होते. मी शेजारच्या वर्गातला गणिताचा मास्तर. गडबड ऐकून दारात येऊन उभा राहिलो.

रसायनाच्या नेरूरकर बाईंनी रीतीप्रमाणे इलेक्ट्रॉनवर बोट ठेवून तो क्लोरीनकडे ओढला होता. तो निम्म्या वाटेवरून परत गेला. फळा बिघडलेला नाही, असं सोडियमने स्वतःच सांगितलं. त्याला फक्त कारण हवं होतं.

बाईंचा चेहरा उतरला. फळा चालत नाही असा शेरा पडला, तर फळा काढून तालुक्याच्या शाळेला दिला जाणार होता. तो आणायला बाईंनी जिल्ह्याला घातलेल्या खेपा आम्ही पाहिल्या होत्या.

वर्गाने आमच्याकडच्या पद्धतीने, एका सुरात हेल काढून सांगितलं, की अष्टक पूर्ण होण्यासाठी.

"गेल्या वर्षीच्या पोरांनीही हे याच चालीवर म्हटलं होतं," सोडियम म्हणालं. "अष्टक पूर्ण होऊन माझं काय भलं होणार? एकेकट्याने सांगा."

एकेकट्याने बोलायची आमच्याकडे सवय नाही. बऱ्याच वेळाने मेस्त्रींची प्रणिता उठली. बाईंना विचारून तिने कपाटातली बरणी फळ्यासमोर ठेवली.

"हा तुझा भाऊ," ती म्हणाली. "रॉकेलात बुडवून ठेवलाय. हवा लागली की काळवंडतो, पाणी लागलं की पेटतो." मग कंपासपेटीतून कैरीसाठी आणलेली मिठाची पुडी काढून उघडली. "आणि यातल्या सोडियमने इलेक्ट्रॉन दिलाय. शाळा सुरू झाल्यापासून दप्तरात आहे."

सोडियमने निरखून पाहिलं. "ओलसर दिसतंय."

"कोकणात सगळंच ओलसर असतं. पेटलं का, ते बघ."

सोडियमने विचार केला आणि इलेक्ट्रॉन सोडला. तो मधोमध आला, तेवढ्यात क्लोरीन म्हणालं, "ठीक आहे. पण मी तो का घ्यायचा? मागच्या बाकावरचे सांगतील."

खोबरेकर साहेब उभे राहिले आणि हेल काढून म्हणाले, "अष्टक पूर्ण होण्यासाठी."

क्लोरीनने त्यांना खाली बसून विचार करायला सांगितलं. ते तास संपेपर्यंत विचार करत बसले. जाताना त्यांनी शेरा लिहिला, की फळा हलवू नये, काम अर्धवट आहे.

आता ते दर गुरुवारी येतात, मागच्या बाकावर बसतात, प्रणिताच्या पुडीतलं मीठ लावून कैरी खातात. इलेक्ट्रॉन अजून मधेच उभा आहे. क्लोरीनच्या मते साहेबांची प्रगती बरी आहे.