रेटूचं लक्ष लागलं

एका जंगलात, मुलांनो, गव्याचं एक पोर होतं. नाव रेटू. वय तेरा-चौदा, म्हणजे शिंगं फुटायचं. रेटूला ती खरोखरच फुटली होती.

त्याचं चित्त थाऱ्यावर नसे. शाळेत पाढे चालू असले की हा फुलपाखरू बघे. कुणी ओरडलं की डोक्यात राख घालून धडक मारी. एकदा त्यानं फळा मोडला, आणि फळ्यामागं उभ्या असलेल्या कोल्ह्याच्या पोराचा पायही.

हेडमास्तर करकोचे म्हणाले, "एक तर औषध, नाहीतर दाखला."

आई रेटूला डॉक्टर साळिंदरबाईंकडे घेऊन गेली. हेडमास्तर बरोबर होते, पण जरा मागून.

"अस्वलाला दिलंत तेच द्या," ते म्हणाले. "चार महिने हूं की चूं नाही."

"अस्वलाला झोप येत नव्हती. याला येते," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी आईला विचारलं, धडक कधी मारतो, त्याआधी काय घडतं, घरीही मारतो का. रेटूची छाती तपासली, वजन केलं. आणि जे कुणालाच सुचलं नव्हतं ते केलं. रेटूलाच विचारलं.

रेटू खुरानं माती उकरत म्हणाला, "सर सांगतात ते मधनंच निसटतं. मग सगळे हसतात. मग मला काही दिसत नाही."

आईनं मान खाली घातली. हे त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं. तिनं विचारलंही नव्हतं.

"तर आधी लक्षाचं औषध, थोडंसं," बाई म्हणाल्या. "आई, तुम्हीही दर आठवड्याला या. ओरडण्याऐवजी काय करायचं ते बघू. तरी धडका राहिल्या, तर रागाच्या औषधाचा विचार."

"दोन्ही एकदम दिली तर?" हेडमास्तरांनी विचारलं.

"मग गुण कशानं आला, ते तुम्ही सांगाल?"

हेडमास्तर दुसऱ्या पायावर उभे राहिले.

औषधानं रेटूची भूक मंदावली, तेव्हा बाईंनी मात्रा जरा उतरवली. महिना-दीड महिन्यात धडका थांबल्या. कोल्ह्याचं पोर त्याच्या शेजारी बसू लागलं. रेटू कान टवकारून सगळं ऐकू लागला.

एक दिवस हेडमास्तरांच्या तासाला तो उठून नम्रपणे म्हणाला, "सर, काल सात नवे त्रेसष्ट होते. आज एकसष्ट कसे?"

दुसऱ्या दिवशी म्हणाला, "सर, वर्ग भरून तास झाला. शिकवायला कधी घेणार?"

तिसऱ्या दिवशी हेडमास्तर एकटेच साळिंदरबाईंच्या दारात हजर.

"बाई, त्याचं औषध बंद करा."

"का? पुन्हा धडका मारतो?"

"नाही हो," हेडमास्तर म्हणाले. "ऐकतो."

तात्पर्य: मूल ऐकत नसेल तर त्यावर औषध आहे. ते ऐकू लागलं, तर सांगणाऱ्यासाठी अजून निघालेलं नाही.