काशीकाकूंची आगोट

मे महिना संपत आला की आमच्या समोरच्या काशीकाकू परब जिन्यात उभ्या राहून ओरडायच्या, "होडी बंद होतली गो! काय भरायचं ते भरून घ्या!"

आता आम्ही राहायचो मुलुंडला, दुसऱ्या मजल्यावर. फाटकातून बाहेर पडलं की चार पावलांवर किराण्याचं दुकान, आणि तो दुकानदार भर पावसातही छत्री लावून बसलेला असायचा. पण काकूंचं माहेर मालवणकडे, खाडीच्या पलीकडच्या एका वाडीत. पावसाळा लागला की तिथली होडी बंद व्हायची ती नारळी पौर्णिमेपर्यंत. तोवर घरात जे असेल तेवढंच तुमचं. म्हणून कोकणातली माणसं पावसाच्या आधी सगळं भरून ठेवतात, त्याला आगोट म्हणतात. काकू लग्न होऊन मुंबईला आल्या, गिरणगावातून मुलुंडला आल्या, परबकाकांची गिरणी बंद पडली, ते एका छोट्या कारखान्यात स्टोअर सांभाळायला लागले, घरात गॅस आला, टीव्ही आला. काकूंची होडी मात्र दर वर्षी वेळेवर बंद व्हायची.

आम्ही बीडकडची माणसं. पाऊस म्हटलं की हात जोडणारी. पावसाला घाबरून घर भरणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं ते हे.

पलंगाखाली सरपण. गॅस असूनसुद्धा! मी विचारलं तर म्हणाल्या, "गॅसवाल्याची होडी बंद झाली तर?" फळीवर कुळीथ, आमसुलं, उकडे तांदूळ. काडेपेट्या बरणीत, तांदळात पुरलेल्या, सर्दावू नयेत म्हणून. आणि गच्चीवर सुके बांगडे. वरच्या मजल्यावरच्या शाकाहारी बेन एकदा नाकाला पदर लावून खाली आल्या. "काकू, वो मच्छी हटाओ ना, हमारी बा को चक्कर आता है."

काकू शांतपणे आत गेल्या आणि कांदा घेऊन आल्या. "ये फोडके सुंघाव. और लगेगा तो माँगो, पाच किलो भरके रखा है."

दुधाच्या रिकाम्या पिशव्या त्या धुऊन दोरीवर वाळत घालायच्या. मग करवतीच्या पात्यावर पिशवीची कड दुमडून मेणबत्तीच्या ज्योतीवरून फिरवायची, की झाली सीलबंद. रेशनकार्ड, मुलाचं, अनंताचं, मॅट्रिकचं सर्टिफिकेट, लग्नाचा फोटो, सगळं असं पिशव्यांत. एकदा रेशनकार्ड हवं होतं तेव्हा परबकाकांनी ते काढायला दाढीचं ब्लेड वापरलं आणि पहिलं पान कापून बसले.

बरं, स्वतःपुरतं करून थांबतील तर त्या काकू कसल्या. भर दुपारी माझ्या दारात येऊन ओरडायच्या, "दिवे गेले! मेणबत्ती खंय?" मी इकडे शोध, तिकडे शोध. शेवटी सापडली ती आमच्या बबडीच्या वाढदिवसाच्या केकवरची, करंगळीएवढी. काकू तिच्याकडे बघत राहिल्या. "वाट लागली तुझी," म्हणाल्या आणि दोन मोठ्या मेणबत्त्या देऊन गेल्या.

त्या वर्षी अनंताच्या बायकोला, सुनंदाला, दिवस राहिले. आषाढात तारीख. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीत. पण सुनंदाचं माहेरही खाडीकाठचं. काकूंनी विहीणबाईंना ठणकावून कळवलं, पोरगी इथंच राहणार. विहीणबाई रुसल्या, नातेवाईक बोलले. काकू कुणाला बधल्या नाहीत.

पण मुलुंडलाही अडचण होतीच. नाव घातलेला दवाखाना रुळांच्या पलीकडे, आणि मोठा पाऊस झाला की आमच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी. "मधे रूळ आहेत गो," त्या मला म्हणाल्या. "पलीकडे म्हणजे पलीकडेच. पोरीला वेळेवर पोचवली पाहिजे. माझं दुसरं काही मागणं नाही." एवढं बोलून त्या बरणीतल्या काडेपेट्या पुन्हा मोजायला लागल्या.

मग सुरू झाली तालीम. एका लोखंडी खुर्चीला दोन बांबू बांधले. पाणी भरलंच तर सुनंदाला खुर्चीत बसवून उचलून न्यायची. पण गरोदर पोरीला तालमीत कशी बसवणार? काकूंची नजर आमच्या यांच्यावर गेली.

"जयवंता, बस. तू आता सुनंदा."

आमचे हे तेव्हा बहात्तर किलो. पुढे अनंता, मागे परबकाका, त्यांच्यामागे कंदील घेऊन मी. पहिल्या वळणावर खुर्ची कठड्यात अडकली. ना वर, ना खाली. हे ओरडायला लागले, "अहो, सोडा मला, मी चालत जातो!"

"अडलेली बाई असं बोलत नाही!" काकू वरून गरजल्या. "पोट धर!"

यांनी पोट धरलं. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे लोक बाहेर आले, आणि पाच मिनिटांत सोसायटीभर झालं की जयवंतरावांना अटॅक आला. कोणी ग्लुकोजचं पाणी आणलं, कोणी तळपाय चोळायला बसलं. मी हसून हसून पायरीवरच बसले.

"हसतंस कित्याक गो?" काकू म्हणाल्या. "पावस काय सांगान येता?"

आषाढात आठ दिवस धो धो कोसळला. काकू आठही दिवस दाराशी बसून. आणि नवव्या दिवशी सकाळी दहाला सुनंदाच्या पोटात कळा सुरू झाल्या तेव्हा बाहेर काय, तर लख्ख ऊन! रस्ता कोरडा, सगळ्यांच्या दोऱ्यांवर गोधड्या. अनंताने दोन मिनिटांत रिक्षा दारात आणली.

"आई, मी चालत उतरते ना," सुनंदा म्हणाली.

काकूंचा चेहरा असा झाला, जसं कोणी परीक्षाच रद्द केली. आभाळाकडे एकदा बघितलं. मग म्हणाल्या, "उतर. पण बाकी ठरलंय तसंच."

म्हणून सुनंदा हळूहळू जिना उतरली, आणि तिच्यामागे अनंता आणि, परबकाका कारखान्यात गेलेले म्हणून, आमचे हे, रिकामी खुर्ची उचलून. त्यांच्यामागे मी, भर उन्हात पेटलेला कंदील घेऊन. रिक्षावाला म्हणाला, "मावशी, मेरी गाडी में लाइट है." काकूंनी माझ्या हातातल्या कंदिलाची वात आणखी मोठी केली.

दवाखान्यात सिस्टरने केसपेपर मागितला. काकूंनी दिला, पाच पिशव्यांत, एकात एक. सिस्टरने पट्ट्या कापायची कात्री आणली. "काय हो आजी, बाळ आधी येईल की कागद?"

कागद आधी आला. मग आम्ही बसलो. दुपारी पाऊस पुन्हा सुरू झाला तरी काकूंनी मान वर केली नाही, नुसत्या त्या बंद दाराकडे बघत राहिल्या.

दोनच्या सुमारास दार उघडलं. मुलगी. दोघी सुखरूप. सिस्टर म्हणाली, "अंगात घालायला काही मऊ आणलंय का?"

काकूंनी कमरेच्या पिशवीतून आणखी एक सीलबंद पुडकं काढलं. हे त्यांनी कात्रीला देऊ केलं नाही, दातांनी सावकाश फोडलं. आतून एक झबलं निघालं. हाताने शिवलेलं, कडेने लाल दोरा, घड्यांच्या जागी पिवळं पडलेलं. पण कधीच न धुतलेलं, हे मला बघताक्षणी कळलं.

"काकू, पाचवीच्या आधी नवं कापड घालत नाहीत हो," मी हळूच म्हटलं.

"ह्यां जुनांच आसा," त्या म्हणाल्या. "एकतीस पावसाळे झाले." मग झबल्यावरून हात फिरवत, "अनंताच्या आदी एक होती, माहेराक. होडी बंद होती. घालूचां रवलां."

त्यांच्या घरातली बरणी न् बरणी मला तोंडपाठ होती. हे मला ठाऊक नव्हतं.

सिस्टरने बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. झबलं मोठं होत होतं, बाह्यांतून बोटंसुद्धा बाहेर येईनात. काकूंनी दोन्ही बाह्या दुमडल्या, छातीवरचा बंद बांधला. मग सोडला, आणि जरा सैल करून पुन्हा बांधला.

"आवळता काय गो, बाय?" त्यांनी तिलाच विचारलं.